कौलारू वसरीत लॅम्पशेड: उपयोगाची की नुसती शोभेची?

बलकांववासी:
नमस्कार मंडळी. गावचं घर डिचोली तालुक्यात. वसरीवर (म्हणजे ओसरीवर) मंगळुरी कौलं, खाली छत मारलेलं नाही, वासे आणि रीपा उघड्या दिसतात. आढं चांगलंच उंच. आजवर भिंतीवरच्या एका ट्यूबवर भागलं. आता बाबांची सत्तरी उलटलीय. संध्याकाळी 'नवप्रभा' घेऊन खुर्ची सरकवत सरकवत ट्यूबखाली जातात आणि तरीही पान तिरकं धरून वाचतात.

धाकटा भाऊ म्हणतो, अंगणात लावतात तसला फ्लडलाईट आत लाव, विषय संपला. बायको म्हणते मधोमध छानशी लॅम्पशेड टांगू. आईचं म्हणणं, "तें हॉटेलांत. मनशाच्या घरांत ताटांतलो कांटो दिसूंक जाय." (माणसाच्या घरात ताटातला माशाचा काटा दिसायला हवा.)

तर प्रश्न दोन. घरच्या उजेडात लॅम्पशेडचा खरंच काही उपयोग असतो का? आणि असलाच, तर आपल्या पावसाळ्यात कुठली शेड टिकते?

हुमण:
आईंशी शंभर टक्के सहमत. लॅम्पशेडवाल्यांनी आधी मंद उजेडात पेडवे खाऊन दाखवावेत.

फोंड्याचा वायरमन:
हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेडची कामं दोनच. बल्ब थेट डोळ्यांत येऊ द्यायचा नाही, आणि उजेड हवा तिकडे वळवायचा. शोभा वगैरे त्यानंतर.

आता तुमची वसरी बघा. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये डोक्यावर पांढरं छत असतं. वर गेलेला उजेड तिथे आपटून खाली परत येतो, म्हणून फ्लॅटमध्ये कुठेही काहीही लावलं तरी चालून जातं. तुमच्याकडे वर काय आहे? चुलीच्या धुराने काळे झालेले वासे आणि लाल कौलं. तिकडे गेलेला उजेड गेला, तो परत येत नाही. भिंतीवरच्या ट्यूबचा बराचसा उजेड असाच वर नि मागे वाया जातो. फ्लडलाईट लावलात तर वाया जाणारा उजेड वाढेल आणि बिल वाढेल. शिवाय समोरून येणाऱ्याला तोंडावर हात धरून घरात शिरावं लागेल.

दुसरी गोष्ट अंतराची. बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं की कागदावर पडणारा उजेड चौथाई होतो. तीन मीटरवरचा बल्ब एक मीटरवर आणलात तर तोच बल्ब नऊपट उजेड देतो, युनिट तेवढेच. पण उघडा बल्ब इतका जवळ आणला तर डोळे दिपतात. म्हणून शेड लागते. कौलारू घरात तर फ्लॅटपेक्षा जास्त लागते.

तुमच्यासाठी: खालून उघडी, वरून बंद, आतून पांढरी शेड. आत ९ वॉटचा एलईडी. त्याचे साधारण ८०० ते ९०० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) मिळतात, म्हणजे पूर्वीच्या ६० वॉटच्या बल्बपेक्षा थोडे जास्तच.

ट्यूबलाईट झिंदाबाद:
हे सगळं बाहेरून येऊन आसगांवात घरं घेणाऱ्यांनी आणलेलं खूळ आहे. भिंतीला पिवळट उजेड, कोपऱ्यात वेताचा भोपळा, आणि घरात शिरलं की कोण कुठे बसलंय ते आवाजावरून ओळखायचं. पिवळ्या उजेडात मला जांभया येतात. आम्ही सगळी भावंडं एका ट्यूबखाली बसून शिकलो, कोणाचे डोळे गेले नाहीत. पांढरी ट्यूब लावा, दोन लावा.

आबोली:
झिंदाबादराव, तुमचा चष्मा केवढ्या नंबरचा, ते तेवढं सांगा. :-)

गंमत सोडा. पिवळा आणि मंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बल्बच्या खोक्यावर दोन्ही छापलेलं असतं. २७०० किंवा ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे आपली नेहमीची निळसर पांढरी ट्यूब, मधला ४००० चाही मिळतो. उजेड किती, ते ल्युमेनवर. ८०० ल्युमेनचा पिवळा बल्ब ८०० ल्युमेनच्या पांढऱ्याइतकाच उजेड देतो. पूर्वी पिवळा म्हणजे ४० वॉटचा मिणमिणता बल्ब, म्हणून डोक्यात तेच बसलंय.

जांभया येतात हे मात्र खरं असू शकतं. रात्री निळसर पांढऱ्या उजेडात मेंदूला अजून दिवसच वाटतो आणि झोप लांबते. रात्री नऊला जांभया आल्या तर त्यात बिघडलं काय?

ट्यूबलाईट झिंदाबाद:
नऊला जांभया आल्या तर तियात्राचं नाटक कोण बघणार?

माडाचो सूर:
मटेरियलबद्दल कोणी बोलतच नाही, तर मी बोलतो. किनाऱ्याला राहतो, त्यामुळे आमच्याकडे खाऱ्या हवेची जादा भानगड.

बांबूची शेड दिसायला देखणी. जेवणाच्या टेबलावर टांगली होती. पहिला पावसाळा ठीक गेला. नंतर सकाळी टेबलावर बारीक पिवळसर भुकटी दिसू लागली. बायकोला वाटलं, कोणीतरी रवा सांडतंय. शेड खाली काढून उन्हात धरली, तर पट्ट्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं, बोटाने टकटक केलं की भोकातून भुकटी. भुंगा! औषधात न मुरवलेल्या बांबूला तो लागतोच. विकणाऱ्याने "एकदम ट्रीट केलेला माल" म्हणून दिला होता. आता बांबू घ्यायचा तर बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेला आहे का, ते खोदून विचारतो. समोरचा गडबडला की निघतो.

कापडी शेड: जुलैत बुरशीचे काळे ठिपके. ते बाहेरून दिसत नाहीत, दिवा लावला की आतून उमटतात. धुता येत नाही, कारण कापड आतल्या प्लास्टिकला डिंकाने चिकटवलेलं असतं, भिजलं की सुटतं. ज्यूटचं तेच, वर वास फुकट.

लोखंडी तारेचा सांगाडा: समुद्राजवळ तो कापडाआधी जातो. गंजाचा डाग कापडावर उतरतो.

पितळ: हिरवं पडतं, पण मरत नाही. समया घासतोच, त्यात आणखी एक.

कुळागर:
वरच्या यादीत करवंट्या राहिल्या. घासून, वार्निश मारून, भोकं पाडून केलेल्या करवंटीच्या शेडी आमच्याकडे अजून धड आहेत. पण त्यातून उजेड येतो तो भोकांपुरता, भिंतीवर ठिपके ठिपके. पाहुणे खूश होतात. वाचायला काहीच उपयोग नाही. डिचोलीला कुंभारकाम आहेच, मातीची शेड करून मिळू शकते. पाऊस, भुंगा, बुरशी, कशाला दाद देत नाही, फक्त वजन बघा.

फोंड्याचा वायरमन:
वजनावरून आठवलं. शेड कितीही हलकी असो, ती वायरवर लोंबकळत ठेवू नका. वाशाला किंवा तुळईला हूक मारा, साखळी किंवा दोरी त्याला, आणि वायर सैल राहू दे. होल्डरमधून वायर निसटलेल्या शेडी मी पुष्कळ पाहिल्यात.

आणि जुन्या घरांसाठी खास: लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग असेल तर तिथे बहुतेक वेळा दोनच वायरी असतात, अर्थिंग नसतं. अशा पॉइंटवर पितळेची किंवा पत्र्याची शेड टांगू नका. पावसाळ्यात ओल आली, आतली वायर कुठे उघडी पडली, की अख्खी शेड करंट मारते. आधी अर्थची वायर ओढून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. आपल्याकडे सगळे तिला ईएलसीबीच म्हणतात, दुकानात तेच मागितलंत तरी चालेल. ते होईपर्यंत प्लास्टिकचा होल्डर आणि काचेची किंवा मातीची शेड.

शणै गोंयबाब नव्हे:
(कोंकणी लेखक शणै गोंयबाब यांचं नाव गंमत म्हणून घेतलंय, राग नसावा.)

आईंनी "हॉटेलांत" म्हटलं म्हणून लिहितो. आपल्या देवळांच्या सभामंडपात टांगलेल्या काचेच्या हंड्या कोणी पाहिल्यात की नाही? जुन्या मोठ्या घरांच्या चौकीतही असायच्या. आत तेलाचा दिवा नाहीतर मेणबत्ती, वाऱ्याने विझू नये म्हणून भोवती काच. आता बहुतेक ठिकाणी त्यांत बल्ब सोडलेत. म्हणजे दिव्याभोवती काहीतरी घालायचं हे आपल्याकडे हॉटेलांच्या कितीतरी आधीपासून आहे. आईंना ही हंडी दाखवा, लगेच पटेल.

एक अडचण आहे. पारदर्शक काचेच्या हंडीत साधा एलईडी टाकलात तर तो डोळ्यांत घुसतोच. मेणबत्तीची ज्योत सोसवते, हा बल्ब नाही सोसवत. दुधी काचेची हंडी किंवा गोळा घ्यावा.

मुयो:
दुधी गोळ्याचा अनुभव. वरून थोडा उघडा असला की पहिल्या पावसानंतरची वाळवीची पाखरं त्यात शिरतात आणि तिथेच मरतात. चार दिवसांनी गोळ्याच्या तळाला काळी रास. मग स्टूल, मग नवरा, मग भांडण. आणि पूर्ण बंद गोळा घेतला तर एलईडीची उष्णता बाहेर जात नाही, बल्ब लवकर जातो. खालून उघडी शेड सगळ्यात बरी, पाखरं खाली पडतात, केर काढला की झालं.

शिवाय पिवळसर उजेडाकडे पाखरं कमी येतात. निळसर पांढऱ्याकडे झुंडीने. वसरीचं दार उघडं राहत असेल तर पिवळाच लावा.

हुमण:
आणि पाली? लॅम्पशेडच्या आत बसलेल्या पालीची सावली भिंतीवर मगरीएवढी पडते. आमच्याकडे आलेला मुंबईचा जावई त्या रात्री झोपला नाही.

पाटलेदार:
@शणै गोंयबाब नव्हे, डोळ्यांत न घुसणाऱ्या दिव्याचा हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभर धरून ठेवला होता. पोल हेनिंगसेन, डेन्मार्कचा. विजेचे बल्ब घरोघरी आले आणि सगळीकडे डोळे दिपवणारा उजेड झाला, याची त्याला चीड होती. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचे दिवे गाजले आणि लगेच पुढे तीन शेडांचा दिवा आला. एकाखाली एक तीन शेडी, प्रत्येकीचा बाक गणिताने ठरवलेला. कुठूनही बघा, बल्ब दिसत नाही, पण टेबलावर आणि भोवती उजेड हवा तेवढा पडतो. त्याचा १९५८ चा पीएच ५ हा दिवा अजून बनतो. किंमत विचारू नका, तेवढ्यात आपली वसरी रंगवून होईल. पण तत्त्व फुकट आहे: खुर्चीत बसून बघितल्यावर बल्ब दिसता कामा नये. एवढं साधलं की शेड पाचशेची असो की पन्नास हजारांची.

आबोली:
सुंदर माहिती. यात शिंपल्यांचा विचार कोणी केलाय का? आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असायची, चौकोनी कापलेले चपटे शिंपले लाकडी पट्ट्यांत सरकवलेले. दुपारचं कडक ऊन त्यातून आत यायचं ते दुधाळ होऊन. जुन्या खिडकीचे शिंपले वापरून शेड केली तर?

पाटलेदार:
जुन्या, मोडीत निघालेल्या खिडकीचे असतील तर जरूर करा. नवे मात्र गोळा करू नका, विकतही घेऊ नका. हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. झुआरी नदीच्या चिखली खाडीत तो अजून आहे, तिथेच राहू दे. आणि पोटमाळ्यावर अशी जुनी खिडकी पडली असेल तर शेडसाठी तिची मोडतोड करू नका, आधी खिडकी म्हणूनच परत लावता येते का बघा. आज ते काम करणारे सुतार शोधावे लागतात.

साबांखां:
मूळ प्रश्नात पंख्याचा उल्लेख नाही, पण आपल्याकडे पंखा नसलेली वसरी नसते. पंख्याच्या वर दिवा आला की पाती उजेड कापतात, सगळी खोली लुकलुकते, डोकं चढतं. दिवा पात्यांच्या पातळीखाली आणि पात्यांच्या घेराबाहेर हवा. मधोमध पंखा असेल तर वहिनींची मधोमधची शेड बाद. आणि लांब दोरीवरची हलकी शेड पंख्याच्या वाऱ्याने झुलते. मग पेपरवरचा उजेडही झुलतो.

बलकांववासी:
सगळ्यांचे आभार, इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. मधोमध पंखा आहेच, त्यामुळे बायकोची शेड बाद झाली. (तिला साबांखां यांचं नाव सांगितलंय.)

काल रात्री एक प्रयोग केला. एक्स्टेन्शनला होल्डर जोडला, दोरीने वाशावरून सोडला आणि बाबांच्या खुर्चीच्या डाव्या खांद्याशी, जरा पुढे, आणला. कॅलेंडरचं जाड पान पांढरी बाजू आत घेऊन गुंडाळलं, स्टेपल केलं, झाली शेड. ९ वॉट, ३००० केल्विन. बाबांनी आधी पहिलं पान वाचलं, मग निधनवार्ता, मग कधी नव्हे ते टेंडरच्या जाहिराती. काही बोलले नाहीत. उठताना फक्त "हें काडूं नाका" म्हणाले.

आईचा विरोध वेगळ्याच कारणाने मावळला. ट्यूब बंद असल्यामुळे वाशांवरची जळमटं दिसेनाशी झाली. तिच्या मते घर स्वच्छ दिसतं.

आता प्रश्न: एक दिवा खुर्चीशी झाला, बाकी वसरी अंधारीच राहते. टीव्ही बघताना समोर काळोख आणि मध्ये पडदा चकाकतो. काय करावं?

फोंड्याचा वायरमन:
कॅलेंडरची शेड एलईडीवर चार दिवस चालेल, त्यात चुकूनही जुना पिवळा बल्ब घालू नका. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, कागद करपेल. आणि ती एक्स्टेन्शन कायमची तिथे राहू देऊ नका. पॉइंट काढून घ्या.

बाकी वसरीसाठी भिंत वापरा. चुन्याची पांढरी भिंत असेल तर तेच तुमचं छत समजा. भिंतीवर उजेड फेकणारे, वरखाली उघडे दोन छोटे ब्रॅकेट दिवे, ५-५ वॉटचे. त्यांतला एक टीव्हीच्या मागच्या बाजूला, म्हणजे पडदा आणि भिंत यांतला फरक कमी होतो. जेवणाच्या टेबलावर वेगळी शेड, टेबलापासून तिची खालची कड ७५ ते ९० सेंटीमीटरवर. त्याखाली काटा दिसतो, हुमण यांनी काळजी करू नये.

ट्यूबही काढू नका. केर काढताना, काही शोधताना, भजन-आरतीला माणसं जमली की ती लागते. फक्त तिचं बटण वेगळं ठेवा.

ट्यूबलाईट झिंदाबाद:
शेवटी ट्यूब राहिलीच ना!

आबोली:
राहिली, पण चवथीपुरती. :-)

बाबांबद्दल एक: साठी-सत्तरीत बुबुळाची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडतं, त्यामुळे तरुण माणसाच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. घरातल्या इतरांना "पुरेसा दिसतो" म्हणून त्यांचा दिवा कमी वॉटचा करू नका. आणि मोतीबिंदू तपासून घ्या. त्यात उघड्या बल्बचा त्रास आणखी होतो, शेडने बरं वाटलं त्याला ते कारण असू शकतं.

मुयो:
पावसात वीज जाते तेव्हासाठी त्या शेडमध्ये बॅटरीवाला बल्ब बसवा. तेवढाच एक कोपरा जळत राहिला तरी पुरतो. मात्र त्याचं बटण चालू ठेवायला लागतं, आई येता-जाता बंद करत असतील तर उपयोग नाही.

माडाचो सूर:
आणि शेड कुठली, ते राहिलंच की. माझं मत: जुन्या दुकानांत, गिरणीत असायच्या त्या पत्र्याच्या शेडी. बाहेरून हिरव्या, आतून पांढरा मुलामा, कोनासारख्या पसरट. वायरमन म्हणतात ते सगळं तिच्यात आहे: वरून बंद, खालून उघडी, आत पांढरी. ओल्या फडक्याने पुसता येते, बुरशी नाही, भुंगा नाही.

बलकांववासी:
तसली एक आमच्या जुन्या भातगिरणीत होती! मिळते का हल्ली?

माडाचो सूर:
नव्या मिळतात, पण पत्रा पातळ आणि मुलाम्याऐवजी नुसता रंग. जुनी बघायची तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, नाहीतर भंगारवाल्याकडे. कडेचा मुलामा उडालेला चालतो, तिथे रंगाचा हात मारता येतो. आतला उडाला असेल तर घेऊ नका. होल्डरच्या भोकाभोवती गंज आहे का, ते बोट फिरवून बघा, वजन तिथेच पडतं.

फोंड्याचा वायरमन:
आणि आणल्यावर आधी अर्थिंग.